कॉर्न स्नेकचा नवा रंग: भावंडांची जोडी की पालकाशी जोडी?

समजा, एका कॉर्न स्नेकमध्ये (हा पाळला जाणारा बिनविषारी साप) नवा रंग दिसला आणि तो अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे ते जनुक दोन्ही पालकांकडून आलं तरच रंग दिसतो. साध्या रंगाच्या, नात्याबाहेरच्या जोडीदारापासून झालेली पहिली पिढी साधीच दिसते. जनुक मात्र प्रत्येक पिल्लात दडलेलं असतं. पुढे दोन वाटा.

भावंडांची जोडी लावली तर सरासरी चारांत एक पिल्लू नव्या रंगाचं. उरलेल्यांपैकी दोन तृतीयांश वाहक (साधी दिसणारी, पण जनुक बाळगणारी), पण नेमके कोणते हे बघून कळत नाही, आणि खरी डोकेदुखी हीच. रंगीत पालकाशी जोडी लावली तर निम्मी पिल्लं रंगीत, बाकीची सगळी खात्रीची वाहक. अंतःप्रजनन? दोन्हीकडे सारखंच, गुणांक (पिल्लातल्या एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून येण्याची शक्यता) २५ टक्के. भावंडं त्या मानाने बरी, हा निव्वळ गैरसमज.

एकाच रंगासाठी मी डोळे झाकून पालक निवडेन. पण 'स्नो' हा रंग हवा असेल, म्हणजे अ‍ॅमेलनिस्टिक (अ‍ॅमेल, काळं रंगद्रव्य नसलेला) आणि अ‍ॅनरिथ्रिस्टिक (लाल रंगद्रव्य नसलेला) ही दोन अप्रभावी जनुकं एकत्र, आणि सुरुवात एक अ‍ॅमेल व एक अ‍ॅनरिथ्रिस्टिक पालक अशा जोडीने केली, तर डाव उलटतो. अ‍ॅमेल पालकाकडे दुसरं जनुक नसतंच, त्यामुळे त्या जोडीतून स्नो निघणार नाही. भावंडांतून सोळात एक निघतो. तरी १५ पिल्लांत एकही स्नो नसण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के उरतेच.