अख्खे शहर बंद की फक्त बाधित वस्ती?

जुलै २०२० मध्ये कोरोनाची साथ रोखण्यासाठी पुण्यापुढे दोन मार्ग होते : सगळे शहर बंद करणे किंवा प्रतिबंधित क्षेत्रे आखून तेवढ्याच गल्ल्यांना पत्रे ठोकणे. १३ ते २३ जुलै या काळात पहिला मार्ग निवडला गेला. संसर्ग नेमका कुठे आहे हे ठाऊक नसतानाही तो लागू करता येतो आणि मिळालेल्या दिवसांत खाटा, ऑक्सिजन व चाचण्या वाढवता येतात. मात्र त्याची किंमत हातावर पोट असलेल्यांना मोजावी लागते.

दुसरा मार्ग कमी खर्चाचा, परंतु त्याला ताजी माहिती लागते, आणि नेमकी तीच साथीत उशिरा हाती येते. लक्षणे दिसून, चाचणी होऊन अहवाल येईपर्यंत कित्येक दिवस उलटतात, त्यामुळे पत्रे लागतात ते जुन्या नकाशावर. त्याच जुलै-ऑगस्टमध्ये अधिक प्रादुर्भावाच्या पाच प्रभागांत झालेल्या रक्ततपासणी सर्वेक्षणात सरासरी ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, आढळली. (हा आकडा त्या प्रभागांचा, सबंध पुण्याचा नव्हे, चर्चेत ही मर्यादा सहज गळून पडे.) जिथे निम्मी वस्ती बाधित होऊन गेली आणि स्वच्छतागृह सामायिक आहे, तिथे गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधणे म्हणजे वरातीमागून घोडे.

म्हणून माहिती तुटपुंजी असताना मी अल्पकाळाचा पूर्ण बंद पत्करीन, पण तो उठवण्याचे निकष आधीच जाहीर झालेले असावेत आणि शिधा घरपोच मिळावा. सर्वेक्षण हाती आल्यावर मात्र दुसराच मार्ग बरा, तोही पत्र्यांऐवजी घरोघरच्या तपासणीच्या जोरावर.