मुंबईत दोन दिवस फोटो काढायला गेलो तेव्हा यांच्याकडून लेन्स भाड्याने घेतली, चार स्टार देतोय, एक का कापला ते खाली

आधी सांगतो मी कोल्हापूरचा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर जरा लहान असलेला, साधा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स, बास एवढंच आपलं सामान. डिसेंबरात शनिवार-रविवार मुंबई करायची ठरवली, महिनाभर डोक्यात तेच, आणि ७०-२०० एफ २.८, म्हणजे लांबचं जवळ आणणारी मोठी झूम लेन्स, घेऊनच जायचं असा हट्ट होता कारण व्हिडिओत सगळ्यांच्या हातात तीच दिसते. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला हे दुकान सापडलं, फोनवर आधीच बुक केलं.

शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने उतरलो, दहाला दुकानासमोर. उघडलं साडेदहा वाजून गेल्यावर. काउंटरवरच्या काकांनी पहिलाच प्रश्न केला, काय काढणार आहात? म्हटलं मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी, दादरचं फूल मार्केट, फोर्टातल्या जुन्या बिल्डिंगी. काका म्हणाले मग ही कशाला नेताय, दीड किलोचं धूड आहे, ३५ एफ १.८ न्या, छोटी, झूम नसलेली, कमी उजेडात चालणारी, भाडं पाव पण नाही. मला वाटलं महागडी लेन्स द्यायला जीवावर आलंय यांच्या. शेवटी दोन्ही घेतल्या. आधार कार्डची झेरॉक्स, दहा हजार डिपॉझिट, सिरियल नंबर पावतीवर लिहून दिला. आणि एक गोष्ट फार आवडली, त्यांनी स्वतःच सांगितलं की माझ्यासमोर चेक करा, एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, मग टॉर्च मारून आत बघा. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते त्यामुळे हे बघायलाच पाहिजे. भिंतीच्या फोटोत दोन ठिपके दिसले, ते माझ्याच सेन्सरवरचे निघाले, काकांनी ब्लोअर मारून घालवले, पैसे नाही घेतले.

आता लेन्सचं सांगतो. शनिवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला एनसीपीए नाट्यगृहाच्या, म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकाला गेलो. इथे एक लक्षात ठेवा, थंडीत सूर्य डावीकडे सरकलेला असतो आणि उघड्या समुद्रात बुडतो, उन्हाळ्यात ड्राइव्हच्या मधल्या भागात उभे राहाल तर तो मलबार हिलच्या मागे जातो आणि समुद्रातला सूर्यास्त काही मिळत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास खेळ संपतो. इथे ७०-२०० कामाला आली, कठड्यावर बसलेल्या एका आजोबांच्या मागे एवढा मोठा सूर्य, तो फोटो फ्रेम करून लावलाय. संपलं. दोन दिवसात त्या लेन्सचा तेवढा एकच फोटो कामाचा.

तिथून टॅक्सीने सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या बिल्डिंगच्या बाजूला, कारण सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं आणि स्टेशनवरचे दिवे लागलेले असतात, तेवढ्यातच काय ते. १८८० च्या दशकातली बिल्डिंग, एवढी रुंद की ३५ मध्ये मावत नाही, शेवटी आपली गरीब १८-५५ च बाहेर काढली. ट्रायपॉड उघडला तर दोन मिनिटांत एकाने येऊन विचारलं परमिशन आहे का, मग कॅमेरा रेलिंगला टेकवून श्वास रोखून काढले.

रविवारी पहाटे दादर. डोंबिवलीला मित्राकडे राहिलो होतो, चारला उठून लोकल पकडली. फूल मार्केटला उजेड व्हायच्या आत पोचायलाच पाहिजे, पिवळे बल्ब, झेंडूचे ढीग, डोक्यावर टोपल्या घेऊन पळणारे लोक, आणि मागे सरकायला जागा शून्य. इथे ७०-२०० म्हणजे निव्वळ वेडेपणा, कोणाच्या तरी टोपलीला लेन्सच्या तोंडावरचा हूड आपटला, त्या मावशींनी जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. ३५ लावली, एफ १.८, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२००, आणि तासभर नुसता सुटलोच. ट्रिपमधले चांगले फोटो मोजले तर दहातले सात या लेन्सचे. तिथून फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट, रविवारी रस्ते रिकामे असतात, कमानींखालची सावली आणि मध्येच एखादा सायकलवाला, मोठी लेन्स बॅगेतच, खांदा मात्र मोडला. जुनी डबल डेकर आणि पद्मिनी टॅक्सी शोधत बसू नका, दोन्ही २०२३ मध्ये गेल्या, मला हे तिथे गेल्यावर कळलं. परतताना मेगाब्लॉकमध्ये अडकलो ती चूक माझीच, रविवारी आधी ते बघायचं असतं.

आता एक स्टार. मॅपवर सातही दिवस उघडं लिहिलंय आणि रविवारी दुकान बंद असतं! हे मला पावती हातात पडल्यावर सांगितलं. माझं तिकीट रविवार रात्रीचं, लेन्स सोमवारी परत द्यायची, म्हणजे तिकीट कॅन्सल, ऑफिसला एक रजा, मित्राच्या बायकोला अजून एक दिवस त्रास. भाडं त्यांनी दीडच दिवसाचं लावलं आणि डिपॉझिट तिथल्या तिथे यूपीआयने परत केलं, ते मान्य, पण बुकिंगच्या फोनवर एक वाक्य बोलले असते तर काय बिघडलं असतं? मालक वाचत असाल तर मॅपवरची वेळ आज बदला प्लीज.

सोमवारी लेन्स परत देताना काकांनी विचारलं, मोठी कितीदा कामाला आली? मी म्हटलं एकदा. ते हसले नाहीत, पावती फाडली आणि म्हणाले पुढच्या वेळी एसीतून एकदम बाहेर काढू नका, आतून वाफ धरलीय.

आणि हो, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही.