"फुल मॉडिफाइड" 58 सीसी कटर आणि ग्राइंडरला लावायचं चेन किट: दोन्ही वापरून बघितलं, कृपया घेऊ नका

आमची बाग दापोली तालुक्यात आहे, कलमं साठेक, थोडे काजू आणि घरामागे पोफळीचं आगर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अर्धं आगर झोपलं, तीन जुनी कलमं मुळासकट उलटली आणि तेव्हा घरात होती फक्त कोयती, कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची जुनी करवत. महिनाभर माणसं मिळत नव्हती, ज्याच्याकडे कटर मशीन होतं तो तासाला मागेल तो रेट घेत होता. तेव्हापासून आमच्या वाडीत प्रत्येकाला स्वतःचं चेनसॉ हवंय आणि ते बरोबरच आहे, पण आता ऑनलाइन जे काही विकलं जातंय आणि ज्या पद्धतीने व्हिडिओत वापरून दाखवतात ते बघून मला राहवत नाही म्हणून हे सगळं लिहितोय. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण असा तो एकटाच नाहीये, तोच माल वेगवेगळ्या नावांनी दहा जण विकतात.

मी दोन वस्तू घेतल्या. एक, 58 सीसीचं पेट्रोल कटर म्हणजे चेनसॉ, 22 इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी), "फुल मॉडिफाइड" म्हणून साध्यापेक्षा अडीच हजार जास्त दिले. दुसरं, 4 इंची ग्राइंडरला लावायचं चेनसॉ किट, साडेअकराशे रुपये.

आधी मोठ्या मशीनबद्दल. जाहिरातीत लिहिलेलं की सायलेन्सर मोकळा केलाय त्यामुळे 58 सीसीमध्ये 72 ची ताकद, चेन रेसिंगची आहे आणि ऑइल पेट्रोलच्या लिटरला 10 मिली टाकलं तरी चालतं, जास्त टाकलं की पॉवर मरते. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं म्हणून पटलं. आता कळतंय म्हणून सांगतो. सीसी म्हणजे सिलेंडरच्या आतली जागा, बोअर (सिलेंडरची रुंदी) आणि स्ट्रोक (पिस्टन जेवढा सरकतो तो) तेवढाच आहे तर सायलेन्सरला भोकं पाडून ती जागा वाढत नाही. सायलेन्सर थोडा मोकळा केल्याने फरक पडतो हे खरंय, जाणकार मेकॅनिक करतो तेव्हा धूर लवकर बाहेर पडतो, इंजिन मोकळं फिरतं, पण त्याबरोबर कार्बोरेटरचा हायचा स्क्रू (फुल वेगाला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) थोडा उघडून पेट्रोल वाढवावं लागतं. ते नाही केलं तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे चढतात, आवाज एकदम कडक येतो आणि आपल्याला वाटतं काय मशीन आहे! प्रत्यक्षात ते तापत असतं. टू स्ट्रोक इंजिनला वेगळं ऑइल नसतं, पिस्टनला, बेअरिंगला जे काही वंगण मिळतं ते पेट्रोलमधून येणाऱ्या टू टी ऑइलचंच. माझ्या मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात 25 ला 1 लिहिलंय म्हणजे लिटरला 40 मिली, आणि विक्रेता सांगतो 10 मिली, म्हणजे चौथा हिस्सा.

पाचव्या दिवशी एका वाळलेल्या आंब्याचा ओंडका कापताना मशीन घुर्र करून मध्येच बसलं. दोरी ओढली तर हाताला झटका, फिरेचना. थंड झाल्यावर फिरलं पण दोरी एकदम हलकी, कॉम्प्रेशनच नाही, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबच धरत नव्हता. दापोलीत एका मेकॅनिककडे नेलं, त्याने दोन बोल्ट काढून सायलेन्सर बाजूला केला, मोबाइलचा टॉर्च भोकात मारला आणि मला म्हणाला, हे बघा. पिस्टनवर उभे ओरखडे, नखाने खरवडल्यासारखे, अल्युमिनियम वितळून सिलेंडरला फासलं गेलेलं. साहेब, याला तेल मिळालेलंच नाही, एवढंच तो बोलला. सिलेंडर किट, गॅस्केट आणि मजुरी धरून अठ्ठावीसशे गेले, ज्या मॉडिफिकेशनचे अडीच हजार वर दिले होते ते भरून काढायला.

आणि सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवायची जाळी असते ती पण काढून टाकलेली होती. कोकणात मार्च-एप्रिलला काजूच्या बागेत गवत कसं वाळलेलं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, एक ठिणगी पडली की वणवा. ती जाळी काढणारा माणूस कधी वाळल्या गवतात उभा राहिलेला नाही असं मला वाटतं. आवाज तर असा की दोन तास काम केल्यावर रात्री जेवताना पण कानात शिट्टी वाजत होती, बायको काय बोलते ते ऐकू येईना. साधं मशीन पण शंभर डेसिबलच्या वर जातं, कानाला मफ लागतोच, इथे तर सायलेन्सर नावालाच.

रेसिंग चेनचं ऐका आता, कारण जीवाशी खेळ इथे आहे. चेनच्या प्रत्येक कापणाऱ्या दातापुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती लाकूड उचलायचं ते रेकर ठरवतो, तो दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असतो, म्हणजे सहा-सात कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढाच. माझ्या चेनवर ते कानसीने घासून दीड मिलिमीटरच्या आसपास खाली नेलेले, मेकॅनिकने गेज लावून दाखवलं. अशी चेन ओल्या मऊ लाकडात पटापट मोठा भुसा काढते, व्हिडिओत ते छान दिसतं. सुक्या फणसात किंवा आंब्यात लावली की दात लाकडाला चावा घेतो, चेन अडकते आणि मशीन हातातून खेचलं जातं. त्यात बारच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला तर बार पापणी लवायच्या आत वर आणि मागे आपल्या तोंडाकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. त्यासाठीच पुढच्या हँडलसमोर ती प्लॅस्टिकची ढाल दिलेली असते, ती नुसती हाताला लाकूड लागू नये म्हणून नाही, ती पुढे ढकलली गेली की चेनला ब्रेक लागतो. विक्रेत्याच्या व्हिडिओत ती ढालच काढून ठेवलेली दिसते, का तर म्हणे मध्ये येते.

तो व्हिडिओ मी आता परत बघितला. माणूस बनियन आणि स्लिपरवर, झाडावर चढलेला, डाव्या हाताने फांदी धरलीय आणि उजव्या एका हाताने मशीन खांद्याच्या वर चालवतोय. खाली एक मुलगा उभा आहे. पुढच्या तुकड्यात एका बाजूला कललेलं झाड, खाच न पाडता मागून सरळ आरपार कापत जातो. नशीब ते झाड नीट पडलं. कललेलं झाड असं मागून कापलं की अर्ध्यात आल्यावर खोड उभं चिरतं, मागचा भाग सटकन वर उचलला जातो आणि कापणाऱ्याच्या छातीत नाहीतर तोंडात बसतो. ज्या बाजूला पाडायचंय त्या बाजूला आधी खोडाच्या जाडीच्या पाव भागापर्यंत खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं पण मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी सोडायची, ती बिजागरीसारखी झाडाला वळवते, आणि मागे पाचर ठोकायची, हे आमच्याकडचे जुने तोडणारे कुऱ्हाडीने पण असंच करायचे.

वादळात पडलेलं झाड तर उभ्या झाडापेक्षा वाईट. ताण कुठे आहे आणि दाब कुठे आहे हे बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन्ही टोकं टेकलेली असतील तर वरून थोडं आणि मग खालून कापत वर यायचं, एक टोक अधांतरी असेल तर आधी खालून थोडं आणि मग वरून. उलटं केलं तर बार अडकतो किंवा फांदी फाटून चाबकासारखी येते. निसर्गनंतर आम्ही हे कुणी शिकवलं म्हणून नाही, अडकत अडकत शिकलो.

आता ग्राइंडरचं किट, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो. हे कुठल्याही मॉडिफिकेशनपेक्षा धोकादायक आहे. ते बसवायला ग्राइंडरचा गार्ड काढावा लागतो, मग स्पिंडलवर (ग्राइंडरच्या फिरणाऱ्या दांड्यावर) एक छोटा गियर, त्यावर बार आणि चेन. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारच्या आसपास फिरतो. चेनसॉमध्ये बोट सोडलं की एक्सलेटर सुटतो आणि चेन थांबते, ग्राइंडरचं बटण पुढे सरकवलं की तिथेच अडकून राहतं. हातातून सुटला तरी तो चालूच. ब्रेक नाही, हाताची ढाल नाही, चेन तुटली तर अडवायचा खिळा नाही, तेलाचा पंप नाही, वरून बाटलीने तेल सोडायचं. दुसरा हात धरायला बाजूचं एक हँडल, तेही आमच्या दाजींनी लावलं नव्हतं कारण व्हिडिओत कुणी लावत नाही.

दाजी पोफळीचं मनगटाएवढं खोड कापत होते, उकिडवे बसून. मी चार पावलांवर होतो. बारचं टोक खालच्या जांभ्याच्या दगडाला लागलं, ग्राइंडर उडाला आणि डाव्या मांडीवर आला. त्यांनी सोडून दिला तर तो जमिनीवर पडून वायरभोवती गरगर फिरत राहिला, चेन दगडावर ठिणग्या काढतेय आणि बटण बंद करायला कुणाची हिंमत होईना, शेवटी पुतण्याने धावत जाऊन पडवीतला प्लग ओढला. मांडीला चौदा टाके पडले. डॉक्टर म्हणाले दोन बोटं आत असती तर मोठी रक्तवाहिनी होती. ताई त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, किट मी मागवलं होतं.

विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणतो, तुम्ही चुकीचं वापरलं, हजारो लोक वापरतात. बॉक्समध्ये सूचनेचा एक कागद नाही, चूक-बरोबर आम्ही कशावरून ठरवायचं? मग म्हणाला पैसे परत देतो, फोटो टाकू नका. पैसे घेतले नाहीत.

ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांच्यासाठी: कंपनीतून निघतं तसं मशीन घ्या, आपल्या बागेला 16 किंवा 18 इंची बार पुरतो. दुकानदाराला चेनब्रेक लावून सोडून दाखवायला सांगा, नाही दाखवलं तर उठा तिथून. ऑइल पुस्तकात लिहिलंय तेवढंच मापून घाला. पॉवर कमी वाटली तर आधी चेन बघा, पीठासारखा भुसा पडतोय म्हणजे धार गेली, गोल कानस घेऊन प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारले की तेच मशीन लोण्यासारखं चालतं, मी मेकॅनिककडून शिकलो आणि माझा विश्वास बसला नाही एवढा फरक पडला. चेनसॉची पँट मिळते, तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे गियरमध्ये गुंततात आणि मशीन बंद पडतं. मला साडेपाच हजाराला पडली, महाग वाटली होती. दाजींच्या दवाखान्याचं बिल त्याहून जास्त झालं.

मोठं मशीन आता साधा सायलेन्सर, जाळी आणि नवी चेन लावून चालू आहे. ग्राइंडरचं किट मी सुटं करून ठेवलंय, बार माळ्यावर, चेन भंगारात दिली आणि स्पिंडलचा तो छोटा गियर माझ्या कपाटात कुलपात आहे, कारण घरात मुलं मोठी होतायत आणि त्यातलं कुणीतरी एक दिवस व्हिडिओ बघून ते परत जोडायला बघेल.