सहा तासांचा गोल्फवर्ग आणि उजव्या हाताची खोड

नवी मुंबईतील एका सराव केंद्रात सहा शनिवार, दर वेळी एक तास, असा गोल्फ प्रशिक्षणवर्ग मी नुकताच पूर्ण केला. चेंडू लांब जावा म्हणून कोणत्या हाताने किती काम करायचे, एवढाच माझा प्रश्न होता. कारण टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये मुरलेला माझा खालचा, म्हणजे उजवा हात जोर लावल्यावाचून राहत नाही.

पहिल्या तासाला प्रशिक्षकांनी चेंडू मारूच दिला नाही. डाव्या काखेत नॅपकिन धरून सात नंबरची आयर्न (धातूच्या तोंडाचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) एकट्या डाव्या हाताने फिरवायची आणि नॅपकिन पडला की दंड अंगापासून सुटला असे समजायचे, हा त्यांचा पाठ होता. माझा नॅपकिन अकरा वेळा पडला. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात दोरीसारखा असतो: पाय, कंबर आणि धड यांच्या वळण्यातून आलेली ताकद तो क्लबपर्यंत पोहोचवतो आणि स्विंगची, म्हणजे क्लब फिरवण्याच्या वर्तुळाची, त्रिज्या राखतो. उजवे कोपर मागे जाताना दुमडते व खाली येताना सरळ होते. या हाताचा धक्का उपयोगी असतो, पण तो घाईने दिला तर मनगटांचा कोन अगोदरच उघडतो आणि वेग चेंडूपर्यंत येण्याआधीच खर्ची पडतो. क्लब व चेंडूचा स्पर्श सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भागच टिकतो, तेव्हा त्या क्षणी हात दाबून काहीही साधत नाही, हे कळल्यावर माझी निम्मी धडपड थांबली. एरवी उजव्या हाताने कामे करणारा अमेरिकन गोल्फपटू फिल मिकल्सन गोल्फ मात्र डावखुरा खेळतो, म्हणजे त्याचा सवयीचा उजवा हात पुढे राहून दोरीचे काम करतो, आणि त्याने 6 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या आहेत, हा प्रशिक्षकांचा दाखलाही मला पटला.

शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती झिजलेल्या मॅटबद्दल, आणि ती किरकोळ नाही. उजव्या हाताने घाई केली की क्लब चेंडूच्या मागे जमिनीला लागतो, पण मॅटवर तो घसरून पुढे जातो व फटका बरा बसल्याचा भास होतो. एक तास तरी गवतावर घ्यावा, ही माझी विनंती हसण्यावारी नेण्यात आली. वर्ग संपल्यावर मी सिडकोच्या खारघर येथील गोल्फ कोर्सवर गेलो, तेव्हा तिसऱ्याच फटक्याला क्लब चेंडूच्या चार बोटे मागे मातीत रुतला.