तंबाखू खाणाऱ्यांसाठी: रक्ताची चाचणी की तोंडाची तपासणी?

रक्ताची एक नळी दिली की तोंडाचा कर्करोग आधीच कळेल, ही आशा मोठी आहे. तंबाखू चघळणाऱ्यांच्या रक्तात पेशींवरच्या ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या (अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशींना होणाऱ्या इजेच्या) खुणा, उदाहरणार्थ मॅलॉनडायअल्डिहाइड हे रसायन, वाढलेल्या आढळतात. एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (शरीरातली सूज दाखवणारे प्रथिन) यांचाही अभ्यास झाला आहे. अडचण अशी की साधा संसर्ग, हिरड्यांची सूज किंवा यकृताचा विकार असला तरी यांतले आकडे वर जातात. बिघाड तोंडातच आहे, हे रक्त सांगत नाही. उलट, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि मला याचीच जास्त भीती वाटते.

तोंडाच्या तपासणीला लागतो उजेड आणि जाणकार डोळा. पांढरा चट्टा, त्याहून धोकादायक लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हे सारे दिसते. केरळमधल्या मोठ्या अभ्यासाच्या 2005 च्या निष्कर्षांत, तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू अशा तपासणीमुळे सुमारे 34 टक्क्यांनी घटलेले दिसले. अर्थात डोळ्यालाही मर्यादा आहेत. पक्के निदान बायोप्सीच, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून केलेली तपासणीच, करते.

आज निवडायचे तर मी तोंडाची तपासणीच निवडेन.