स्कायलाइन जीटी-आर आर३२ घ्यावी की आरएक्स-७ एफडी?

सिडनीत राहून नव्वदच्या दशकातली जपानी गाडी घ्यायची म्हटलं की बरेच जण शेवटी निसानची स्कायलाइन जीटी-आर आणि माझदाची आरएक्स-७ याच दोन नावांशी येऊन थांबतात (आर३२ आणि एफडी ही त्यांच्या पिढ्यांची नावं). दोघींनी बाथर्स्ट गावच्या डोंगरावरच्या शर्यतींत नाव काढलंय. जीटी-आरने १९९१ आणि १९९२ मध्ये तिथली हजार किलोमीटरची शर्यत जिंकली, तर आरएक्स-७ ने १९९२ पासून सलग तीन वर्षं बारा तासांची. शर्यत नसते तेव्हा तो डोंगरावरचा ट्रॅक म्हणजे साधा सार्वजनिक रस्ता असतो, साठच्या मर्यादेचा. मी दोन्ही गाड्या तिथे फिरवल्या आहेत.

साठवरसुद्धा फरक कळतो. आरएक्स-७ वजनाने बरीच हलकी, रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेलं) इवलंसं आणि मागे सरकवून बसवलेलं. मनात वळण आलं की नाक वळलेलंच असतं. इतकं गोड स्टिअरिंग मी दुसऱ्या कुठल्या गाडीत अनुभवलेलं नाही. त्यापुढे जीटी-आरचं नाक जड वाटतं. पण ब्लू माउंटन्समध्ये भर पावसात पाय दाबला, मागची चाकं सुटायला लागली, आणि त्याच क्षणी पुढच्या चाकांकडे ताकद गेल्याचं दाखवणारा काटा उचलला. गाडी सरळ निघाली. तेव्हापासून माझा तिच्यावर विश्वास बसला.

खरा निर्णय मात्र माझ्या दारात झाला. मित्र भारतात गेला होता तेव्हा त्याची आरएक्स-७ आठ महिने माझ्याकडे होती. आमच्याकडे गाड्या एकामागे एक लागतात, आणि बायकोची ड्यूटी सकाळी सहाची. म्हणजे रोज पहाटे आरएक्स-७ दहा फूट हलवायची. थंड रोटरी चालू करून लगेच बंद केली, की न जळलेलं पेट्रोल आत साचतं, तेलाचा थर धुऊन जातो, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, पडतं. मग संध्याकाळी नुसता स्टार्टर फिरत राहतो. लहानपणी स्कूटरचा ओला प्लग काढून पुसायचो, तसंच, फक्त इथे प्लग चार. हे टाळायचं तर इंजिन गरम होईपर्यंत शेजाऱ्यांच्या खिडकीखाली गाडी चालू ठेवायची. पहाटे सहाला!

संग्रहाच्या दृष्टीने दोन्ही भक्कम आहेत. आरएक्स-७ एफडीची शेवटची खास आवृत्ती म्हणजे स्पिरिट आर, त्या फक्त १५०० निघाल्या. पण आर३२ च्या मागे जपानच्या ग्रुप ए (विक्रीतल्या गाड्यांवर आधारित शर्यती) मालिकेतले २९ पैकी २९ विजय आहेत, आणि निसानने ऑस्ट्रेलियात अधिकृतपणे विकल्या त्या अवघ्या १००. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी गाडी आयात करू देणाऱ्या नियमाने २०१४ पासून तिची आयात खुली झाली, तेव्हापासून चांगली गाडी स्वस्तात मिळणं अवघडच. घेताना पत्रा नीट बघा, विशेषतः पुढच्या सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बसतं त्या पत्र्याच्या बुरुजांपाशी. गंज तिथे लपतो.

दारात दोन गाड्या शेजारी-शेजारी मावत असतील आणि वळणं हाच तुमचा जीव असेल, तर आरएक्स-७ जरूर चालवून बघा. मी आर३२ घेतली. सकाळी सहाला दहा फूट मागे घेतो, बंद करतो आणि चहा प्यायला आत जातो.