वेगळा अँटिव्हायरस घ्यावा की विंडोजच्याच सुरक्षेवर भागवावं?

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ अशी चौकट उगवते. बंद केली की थोड्या वेळाने पुन्हा हजर. वैतागून माणूस विचारतो, कुठला अँटिव्हायरस टाकू? मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. आधी बरीच वर्षं वेगळा सिक्युरिटी सूट, म्हणजे अँटिव्हायरससह सुरक्षेची बाकी साधनंही देणारा संच होता; आता विंडोजमधला डिफेंडर, फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन एवढ्यावर घरचा संगणक चालतो. दोन्हींची बाजू मांडतो.

व्हायरस पकडण्यात मला तरी फरक जाणवला नाही. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पुरता अँटिव्हायरस आहे आणि आज तो नावाजलेल्या सूटच्या पंगतीत बसतो. इंटरनेट बंद असताना मात्र त्याची बाजू थोडी लंगडी पडते, कारण त्याची बरीच भिस्त क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या सर्व्हरवर आहे. पेन ड्राइव्हची देवाणघेवाण भरपूर आणि नेट जेमतेम, अशी स्थिती असेल तर सूटचं पारडं जड मानायला हरकत नाही.

पण मूळ तक्रार पॉप-अपची आहे आणि तिथे गंमत अशी, की बहुतेक वेळा संगणकात व्हायरस नसतोच. पूर्वी असे संदेश विंडोजच्या मेसेंजर सेवेतून (नेटवर्कवरून संगणकांवर सूचना पाठवायची जुनी सोय) घुसायचे, अगदी ब्राउझर बंद असला तरी. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ हा मोठा अपडेट आला, त्याने ती सेवा बंद ठेवली, फायरवॉल आपोआप चालू केली आणि ते दार मिटलं. आजचं दार आपण स्वतः उघडून देतो. एखादी साइट म्हणते, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’. ते दाबलं की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची रीतसर परवानगी मिळते. मग ब्राउझरच इमानेइतबारे तिचे संदेश कोपऱ्यात आणून ठेवतो. डिस्कवर वाईट फाइल नाही, त्यामुळे कितीही खोल स्कॅन केलं तरी निकाल ‘सगळं ठीक’ असाच येतो. ही परवानगी काढून घेणं हाच इलाज, आणि तो ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये आहे. काही सूट अशा साइटचे पत्ते अडवतात, नाही असं नाही, पण नवे पत्ते रोज निघतात.

माझा निर्णय झाला तो मात्र दुसऱ्याच कारणाने. माझ्याकडचा सूट स्वतःच कोपऱ्यातून बोलायचा. मुदत संपत आली, नूतनीकरण करा. तुमचा पासवर्ड धोक्यात असू शकतो, इथे दाबा. संगणक मंदावलाय, साफ करू का? लाल पट्टी, उद्गारचिन्ह, मोठं बटण आणि ‘नंतर’ हा शब्द फिकट करड्या अक्षरांत. खऱ्या सूटची चौकट आणि भामट्या साइटची चौकट जवळजवळ ठेवा. फरक एवढाच, की भामट्या चौकटीत बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. तो कोण वाचतं? आई तर नाहीच वाचत. तिला आम्हीच शिकवलं होतं, की अँटिव्हायरस काही विचारेल तर हो म्हण. ती हो म्हणायची, दोघांनाही. सूटच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातीचे संदेश बंद करायची सोय होती, पण सगळे बंद होत नसत आणि अपडेटनंतर काही परत यायचे. जी वस्तू घरच्यांना कोपऱ्यातल्या चौकटीवर विश्वास ठेवायची सवय लावते, ती व्हायरस कितीही पकडो, मला नकोशी झाली. डिफेंडरही अधूनमधून सूचना देतो, पण तो काही विकायला येत नाही. आता घरात नियम सोपा आहे: कोपऱ्यातून कुणी घाबरवलं, की ते खोटं समजायचं आणि हाक मारायची.

सूटच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायचं तर एकाच खिडकीत फोन, संगणक, मुलांसाठीची बंधनं, पासवर्ड सांभाळणं असं सगळं मिळतं. अडचणीत फोन करायला कुणी असतं, हा तर मोठाच दिलासा. सेटिंग्जमध्ये शिरायचा ज्यांना मनापासून कंटाळा आहे, त्यांना तो कदाचित बरा पडेल. पैसे भरून घेतलेल्या सूटची कटकट फुकटच्यापेक्षा कमी असते, असंही दिसतं.

माझ्या वाटेने जायचं तर थोडी मांडणी करावी लागते. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं उडवायची आणि नव्या विनंत्या अडवण्याच्या चौकोनात खूण करायची. क्रोममध्ये हेच साइट सेटिंग्जखाली आहे. यूब्लॉक ओरिजिन आता क्रोमवर चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती मिळते, म्हणून मी तिकडे वळलो. रोजच्या वापराचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं ठेवू नका. साधं खातं असेल, तर काही बसवताना पासवर्ड मागितला जातो आणि तेवढ्यात माणूस थबकतो. फोटो आणि कागदपत्रं जपायची असतील तर ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही अनोळखी प्रोग्रॅमना तुमच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणारी सोय चालू करा. ती मुळात बंद असते, डिफेंडर मुख्य अँटिव्हायरस असेल तरच चालते आणि कधीकधी चांगल्या प्रोग्रॅमलाही अडवते. अशा प्रोग्रॅमला हाताने परवानगी द्यावी लागते. विंडोज १० अजून वापरत असाल तर आधी त्याचं बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपला आहे, आणि ही उणीव कुठलाच अँटिव्हायरस भरून काढत नाही.

दोन्ही एकदम ठेवू म्हणाल, तर त्यात अर्थ नाही. सूट बसला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. सूट काढताना त्या कंपनीचं खास काढणारं साधन मिळत असेल तर ते वापरा, संगणक रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू झालंय ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.